उरलं त्राण

आमच्या घरातून सकाळी कोणी बाहेर पडायला लागलं की मी दारात आडवी उभी राहते. जाणाऱ्याच्या छातीवर तळहात ठेवते आणि एकच शब्द विचारते, "उरस्त्राण?" समोरच्यानं "हो" म्हणायचं, मगच चपला घालायच्या. नवरा डिफेन्सच्या फॅक्टरीत होता तेव्हा त्यालाही मी सोडलं नाही. "अगं बाई, उशीर होऊन राहिला!" म्हणून तो ओरडायचा. होऊ दे म्हणायची मी, आधी हो म्हण.

हा माझ्या आईचा रिवाज. उरस्त्राण म्हणजे छातीवर बांधायचं चिलखत, आणि पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलात, ते नाव नीतिमत्त्वाला दिलंय. आम्ही राहतो हिंदी मुलखात, आमच्या चर्चमध्येही सगळं हिंदीत चालतं, तिथे त्याला झिलम म्हणतात. झिलम ऐकलं की मला काश्मिरातली नदीच आठवते, म्हणून घरी आपलं मराठीच बरं. अर्थ साधा आहे. आज खोटं बोलणार नाही, हक्काचं नाही ते घेणार नाही, कोणाच्या पाठीमागे वाईट बोलणार नाही, एवढं ठरवून बाहेर पडायचं. कर नाही त्याला डर कशाला, असं आई म्हणायची. दिवसभर छातीत धडधड नाही, यापेक्षा मोठं संरक्षण कोणतं?

दीक्षितपुऱ्यात आमच्या शेजारच्या चाचीला किती तरी वर्षं वाटायचं की मी स्वेटरबद्दल विचारते. एकदा थंडीत तिनं मला थांबवून विचारलं, "बहनजी, ये उरस्त्राण कहाँ मिलता है? हमारे मुन्ना के लिए भी दिला दो." मी हसले, म्हटलं, चाची, बाजारात मिळत असतं तर मी आधी माझ्या नणंदेला दिलं असतं!

आता नणंदेचं आलंच आहे तर सांगते. आम्हाला एकच मुलगी. राइट टाउनच्या एका शाळेत लहान मुलांना शिकवते. लहानपणी तिला फिट यायच्या. फिट येऊन गेली की पोर ओल्या फडक्यासारखी माझ्या मांडीवर पडून राहायची आणि मी रडत नवऱ्याला म्हणायचे, "पाहा हो, अंगात त्राण उरलं नाही तिच्या." देवाच्या दयेनं दहावीनंतर पुन्हा कधी आली नाही. एक गोळी मात्र चालू आहे, आणि डॉक्टरांनी स्कूटर चालवायला मना केलंय.

मागच्या वर्षी नणंदेनं नागपूरचं स्थळ आणलं. मुलगा रेल्वेत, देवभीरू, आई-वडील शांत. मुलीनं त्याच्याशी फोनवर दोन-चारदा बोलून घेतलं होतं आणि तो तिला आवडला होता. ते मला तिच्या गुणगुणण्यावरून कळलं. ही पोर भांडी घासताना गुणगुणते म्हणजे काय समजायचं!

बघण्याच्या कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी नणंद मला स्वयंपाकघरात घेऊन गेली. "वहिनी, फिटचा विषय काढायचा नाही हं. झाकली मूठ सव्वा लाखाची. याआधीची दोन स्थळं काहून गेली, माहीत आहे ना?"

माहीत होतं. दोन्ही वेळा आम्ही आधीच सांगितलं होतं आणि दोन्ही वेळा "कळवतो" म्हणून गेलेली माणसं परत आली नाहीत. दुसऱ्या वेळी पोर महिनाभर गप्प होती. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "तुला पटेल ते कर." असा राग आला मला! निर्णयाची वेळ आली की या माणसाला नेमकं वर्तमानपत्र वाचायचं असतं. मी मनाशी ठरवलं, आपणहून काढायचं नाही. विचारलं तर पाहू.

पाहुणे आले. प्रार्थना झाली, पोहे झाले, खोव्याची जलेबी झाली. मुलाची आई हसतमुख, गोड बोलणारी. म्हणाली, "इकडे सगळ्या मुली भुर्रकन स्कूटर चालवतात की! येताना पाहात होते मी. तूही स्कूटरनंच जात असशील ना शाळेत?"

किती साधा प्रश्न! पण मी हातातली जलेबी बशीत परत ठेवली. नणंदेनं डोळे मोठे केले. मी म्हणायला गेले, "नाही हो, तिला मुळात आवडच नाही..."

पोरीनं ट्रे खाली ठेवला. स्वतःच्या छातीवर तळहात ठेवला, मी ठेवते तसाच, आणि म्हणाली, "आवडते मला. पण लहानपणी मला फिट यायच्या. आता येत नाहीत, गोळी चालू आहे. डॉक्टर नाही म्हणतात म्हणून ऑटोनं जाते."

नणंद माझ्याकडे अशी पाहात होती, जसं काही मीच पोरीला शिकवून ठेवलं होतं. मुलानं मान खाली घातली. मला वाटलं, गेलं, हेही गेलं. आता पुन्हा महिनाभर घर मुकं होणार.

मुलाच्या आईनं हातातली बशी ठेवली. "गोळी केव्हा घेतेस गं? जेवणाआधी की जेवणानंतर?"

"नंतर. रात्रीच्या."

"मग आमच्याकडे जेवण लवकर करावं लागेल. हे आमचे लोक दहा दहा वाजवतात," म्हणून तिनं नवऱ्याकडे पाहिलं. आणि मुलगा वर बघून हसला. बाई गं! मला तिथेच त्या बाईला मिठी मारावीशी वाटली.

पाहुणे गेल्यावर मी पोरीला धरलं. आनंद झाला तरी रागावणं मला सुटत नाही. "तुला बोलायला कोणी सांगितलं होतं? मी बोलत होते ना!"

"तूच सांगते रोज," ती म्हणाली. "दारात विचारते ना, उरलं त्राण?"

"काय विचारते?"

"उरलं त्राण का? म्हणजे ताकद उरली का अंगात, असं. लपवून लग्न केलं असतं तर रोज भीत राहिले असते. मग कुठून उरणार?"

इतकी वर्षं! मी चिलखताचं विचारत होते आणि ही पोर फिटनंतर उरलेल्या ताकदीचं उत्तर देत होती. नवरा वर्तमानपत्राआडून खो खो हसायला लागला. मीही हसले, आणि डोळेही भरले. खरा अर्थ मी तिला सांगितला, तर म्हणते, "अच्छा! मग एकच तर झालं."

लग्न आमच्याच चर्चमध्ये झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती नागपूरला निघाली. ऑटोत सामान चढलं, जावई चाचीच्या पाया पडून आले, नणंद गाडीची वेळ ओरडून सांगत होती. मी दारात उभी होते. हात उचलला आणि विचारायचं सोडून पदरच सारखा करत राहिले.

मग तिनंच माझ्या छातीवर तळहात ठेवला. "आई, उरलं त्राण?"

सगळे बघत होते. हो म्हणणं सोपं होतं, तेवढ्यानं ती हसत गेली असती. पण त्या हाताखाली खोटं बोलवेना.

"नाही गं," मी म्हटलं. "काही नाही उरलं."

तिनं हात तसाच दाबून धरला. म्हणाली, "खरं बोलली ना? म्हणजे आहे."