तीन चांगल्या गोष्टी

अ‍ॅरिझोनात चँडलरला मी पाचवीत होते, तेव्हा आमच्या शाळेत सेल्फ-एस्टीमची साथ आली होती. या वयात मुलं कौतुकावरच वाढतात, असं कुणीतरी ठरवून टाकलं होतं. त्यामुळे स्वतःच्या बुटाची नाडी बांधली तरी टाळ्या पडत आणि शर्यतीत शेवटून पहिला आलेल्यालाही रिबन मिळे. घरी मात्र शंभरपैकी अठ्ठ्याण्णव मिळाले, की आई विचारायची, "दोन कुठे सांडले?"

पालकभेटीच्या दिवशी आमच्या वर्गाच्या बाई आईला म्हणाल्या, "तुमची मुलगी फार हुशार आहे." कुणी आपल्या लेकराचं तोंडावर कौतुक केलं, की त्याला 'हो' म्हणायचं नसतं, नाहीतर दृष्ट लागते, हे कुठल्याही मराठी आईला उपजतच ठाऊक असतं. आई चांगल्या इंग्रजीत म्हणाली, "कसली हुशार! धांदरट आहे नुसती. घरात एक काम धड करेल तर शपथ!"

पुण्यातल्या शेजारणीने यावर "काहीतरीच काय!" म्हणून कौतुक दुप्पट केलं असतं. बाईंनी ते खरं मानलं आणि मला काउन्सेलरकडे पाठवलं.

काउन्सेलरने मला आरशासमोर बसवून "मी खास आहे" असं म्हणायला लावलं. मी म्हटलं. आरशाला पटलं असेल, मला नाही पटलं. मला ते आईच्या तोंडून ऐकायचं होतं आणि ती कधीच म्हणत नाही, याचं मला फार वाईट वाटायचं.

मग आईलाच बोलावणं गेलं. मुलीच्या तीन चांगल्या गोष्टी तिच्यासमोर सांगा, असं फर्मान निघालं. आईने पदर सावरला आणि तोंडी परीक्षेसारखं घडाघडा सांगून टाकलं: मुलगी अभ्यासू आहे, प्रामाणिक आहे, दात नियमित घासते. काउन्सेलरचे डोळे भरून आले. माझे कोरडेच राहिले, कारण आई ड्रायव्हिंग लायसन्सच्या ऑफिसात याच आवाजात बोलायची.

घरी येताच तिने मला स्वयंपाकघरात उभं केलं, मीठ-मोहऱ्या-मिरच्या मुठीत घेऊन माझ्यावरून उतरवल्या आणि तव्यावर टाकल्या. मिरच्या जळून काळ्या पडल्या, पण कुणाला साधा ठसकाही लागला नाही. म्हणजे दृष्ट जबरदस्त, हे तिनंच मला शिकवलेलं.

"आई, कमॉन! त्या काउन्सेलरची?"

"तिची कशाला लागेल? ती तुला ओळखते तरी का?" आई तव्याकडे बघतच म्हणाली. "माझीच लागलीय. रोज तू शाळेत निघालीस की कोपऱ्यावर वळेपर्यंत बघत उभी असते ना मी."