बेटावरचं गोड पाणी

बीड जिल्ह्यात बेट आहे म्हटलं की ऐकणारा हसतो. प्यायच्या पाण्यासाठी टँकरची वाट बघणाऱ्या मुलखात बेट कुठलं आलंय? पण धरण झालं, खालचं गाव पाण्यात गेलं आणि गावामागच्या टेकडावर सरकलेली वीस-बावीस घरं चहूबाजूंनी पाण्यात सापडली. सरकारनं दूर माळावर जागा दिल्या होत्या. तिथं खडकाशिवाय काही नव्हतं, म्हणून ही माणसं टेकडावरच राहिली. वस्तीला लोक बेट म्हणू लागले आणि तेच नाव पडलं.

बायनाबाई तेव्हा तिशीत होती. गाव बुडालं त्या दिवशी तिचा नवरा सुंदरराव काठावर बसून राहिला. घर गेलं, मारुतीचा पार गेला, ते त्यानं फार मनावर घेतलं नाही. पण गावविहिरीवर पाणी चढलं तेव्हा तो रडला. त्या विहिरीसारखं गोड पाणी आसपासच्या गावांत कुठं नव्हतं. त्याच पाण्यावर आपण वाढलो, असं तो पुढं आल्यागेल्याला सांगत असे. बायनाबाईला त्याचं हसू यायचं.

पाण्यातून तार ओढून वीस घरांना वीज द्यायला कोण बसलंय? बेटावर वर्षानुवर्षं चिमण्या आणि कंदील. दसरा झाला की तरणी माणसं ऊसतोडीला जायची, ती पावसाच्या तोंडाला परत यायची, आणि दरवर्षी एखादं बिऱ्हाड तिकडंच कुठंतरी राहून जायचं, इथं दाराला कुलूप तसंच. बायनाबाईला अंधारापेक्षा त्या कुलपांची भीती वाटायची.

मग एका संस्थेची माणसं आली, उन्हावर चालणारे दिवे दाखवून गेली आणि बेटावर वीज सहकारी संस्था निघाली. या जिल्ह्यात सहकाराचा चेअरमन म्हणजे पांढरी जीप आणि मागं चार माणसं. बेटाचा चेअरमन राधाकिशन तराफ्यावर उकिडवा बसून तालुक्याला जायचा आणि चिखलानं भरलेलं धोतर घेऊन परत यायचा. पण संस्था खरी होती. टेकडाच्या माथ्यावर काचेच्या पाट्या बसल्या, खाली पत्र्याच्या खोलीत बॅटऱ्या, आणि घराघरात दिव्याची एकेक नळी. खोलीची किल्ली कुणाकडं द्यायची यावर वाद झाला नाही. बायनाबाई ऊसतोडीला जात नव्हती आणि कुणाच्या बापाला भीत नव्हती.

बॅटऱ्यांची देखभाल सिरसाळ्याचा जमील मिस्त्री करायचा. तो दर महिन्याला तराफ्यावरून यायचा, येताना पाण्याचे पांढरे डबे आणायचा. बॅटऱ्यांना हे पाणी पाजावं लागतं म्हटल्यावर बायनाबाईनं तोंडाला पदर लावला होता.

"डब्यातलंच घालायचं, बाई. धरणाचं न्हाई, बोअरचं न्हाई."

"आन डबा सरला तर?"

"सरायच्या आदी मी येतो की."

तो येतही होता. बायनाबाई रोज पहाटे पाट्या पुसायची, मग बॅटऱ्यांची झाकणं उघडून बघायची. गोठ्यातल्या जनावरांना बघावं तसं. दिवे आल्यावर तिचा मुलगा भारत आणि सून अंजना यांनी ऊसतोड सोडली. अंजनानं शिवणयंत्र घेतलं, भारत मासे धरायचा. "दिवे हायत तवर आमी हाओत," असं भारत एकदा जेवताना बोलून गेला. त्यानं ते सहज म्हटलं होतं. बायनाबाईनं ते मनात धरून ठेवलं, आणि त्या दिवसापासून तिच्या लेखी त्या खोलीतल्या बॅटऱ्या म्हणजे तिचा मुलगा होता.

मग लागोपाठ पाऊस रुसला. धरण आटत गेलं. आटलेल्या धरणात बेटाचे जे हाल होतात ते ज्यानं भोगलेत त्यालाच ठाऊक. तराफा चालावा इतकं पाणी नव्हतं आणि पाऊल टिकावं इतकी जमीन नव्हती. नदीच्या जुन्या पात्रात कमरेएवढा गाळ. एक म्हैस त्यात रुतली ती वस्तीनं तीन दिवस रेकताना ऐकली. त्यानंतर कुणी पलीकडं जायचं नाव काढलं नाही, आणि पलीकडून कुणी आलं नाही. प्यायला पात्रातलं हिरवट डबकं होतं, चौपदरी फडक्यातून गाळलेलं. जमीलचे डबे होळीच्या आतच सरले.

आणि टेकडाच्या पायथ्याशी, उतारावर, गावविहीर वर आली.

म्हाताऱ्या बायका तिच्या काठाला हात लावून रडल्या. सगळ्यांनी मिळून गाळ उपसला. तळाला झरा जिवंत होता, पण अगदी बारीक, दिवसाला जेमतेम एक घागर. सुंदरराव तेव्हा अंथरुणाला खिळलेला होता. ताप उतरत नव्हता, आणि डॉक्टरकडं न्यायचं तर मधे गाळ. विहीर उघडी पडल्याचं कळल्यावर त्याचा चेहरा उजळला.

"तिचं घोटभर पाणी दे गं," तो म्हणाला.

नव्या किंवा नव्यानं उपसलेल्या विहिरीचं पहिलं पाणी देवाला घालायचं ही आपल्याकडची रीत. राधाकिशननं नारळ आणला, घागर वर आली. सगळे देवळाकडं वळणार तेवढ्यात बायनाबाई आडवी आली.

"देवाला पाण्याचं काय कमी हाय? बॅटऱ्या कोरड्या पडल्यात. आपल्याला आता दिवाच देव हाय. हेच्याइतकं चांगलं पाणी आणिक कुठलं?"

कुणाला ते वावगं वाटलं नाही. उलट काहींनी हात जोडले. डबक्याचं पाणी घालायचं नाही एवढं तर जमीलनं बजावलंच होतं, आणि गावविहिरीचं पाणी म्हणजे कुणाच्याही डोळ्यापुढं पहिलं येणारं शुद्ध पाणी. पहिली घागर वाजतगाजत पत्र्याच्या खोलीत गेली. बॅटऱ्या पुष्कळ होत्या. दुसऱ्या दिवशीची घागरही तिथंच गेली, तिसऱ्या दिवशीचीही.

"आनलंस का?" सुंदरराव रोज विचारायचा.

"उद्या आनते. आधी बॅटऱ्यांचं होऊ द्या. आपला भारत राहिला पायजे का न्हाई?"

तो मान हलवायचा. समजूतदार माणूस होता, हीच गोष्ट बायनाबाईला पुढं जन्मभर सलत राहिली. भांडला असता तर तिनं दिलं असतं.

सगळ्या बॅटऱ्या भरून झाकणं लागली त्याच्या दुसऱ्या दिवशी ती तांब्या भरून घेऊन आली. सुंदररावानं तोंड उघडलं, पण पाणी आत गेलं नाही. गालावरून उशीवर ओघळलं. संध्याकाळी तो गेला.

बायनाबाईनं दुःख केलं, पण खोलीची किल्ली कुणाला दिली नाही. नवरा गेला तरी दिवे आहेत, असं ती मनाला सांगत होती. झाकणांतली पातळी उतरली की पुन्हा विहिरीचं पाणी घालत होती. पण दिवे अर्ध्या रात्रीत पिवळे पडू लागले. मग जेवणाच्या वेळीच. जेठ महिन्यात गाळ वाळून त्याला भेगा पडल्या, त्यावरून चालत पहिला माणूस आला तो जमील. खांद्यावर दोन पांढरे डबे.

त्यानं झाकणं उघडली आणि बराच वेळ वर बघितलंच नाही. बाहेर सगळी वस्ती उभी होती.

"उन्हाळा लई वाईट गेला," तो म्हणाला. "उष्म्यानं बॅटऱ्या बसल्या. कुणाची चूक न्हाई."

नव्या आणायची संस्थेची ऐपत नाही हे कुणी बोललं नाही. माणसं आपापल्या घरी गेली. बायनाबाई दारातच उभी राहिली.

"जमीलभाऊ, खरं सांगा. विहिरीच्या पाण्यानं झालं का?"

जमीलनं पिशवी खाली ठेवली. "मी येतो म्हनलो हुतो. आलो न्हाई. त्यानं झालं."

"पाण्याचं सांगा."

"विहिरीच्या पाण्यात जमिनीचे क्षार आसतात, बाई. बॅटरीला ते जहर. आन माणसाला पाणी गोड लागतं ते त्या क्षारांनीच."

बायनाबाईनं आतल्या बॅटऱ्यांकडं बघितलं.

"म्हंजी ते माणसाचंच पाणी हुतं," ती म्हणाली.

जमीलला सुंदररावाचं अजून कुणी सांगितलेलं नव्हतं. त्यानं नुसती मान हलवली.

जाण्याआधी त्यानं पाट्यांची तार थेट खोलीतल्या एका दिव्याला जोडून दिली, तेवढंच काहीतरी करावं म्हणून. तो दिवा ऊन असलं की लागतो आणि दिवस मावळला की विझतो. दसऱ्यानंतर भारत आणि अंजना ऊसतोडीला गेले. आईला चल म्हणाले, ती गेली नाही. त्यांच्या दाराला तिनं स्वतः कुलूप लावलं.

पुढं पाऊस झाला, धरण भरत आलं, विहीर पुन्हा पाण्याखाली जायला लागली. बायनाबाई ती बुडायच्या आदल्या दिवशी उतरून एक घागर भरून घेऊन आली. सुंदररावाला जिथं जाळलं होतं तिथं तिनं ती सगळी ओतली. स्वतः त्यातला एक घोट घेतला नाही. मग वर जाऊन पाट्या पुसल्या. पत्र्याच्या खोलीत भर दुपारी दिवा जळत होता.