वरणाची बादली

अंबिकाकाकूंना राग आला की त्यांचा आवाज चढत नाही, उलट खाली उतरतो. सुदामा नगरातल्या दत्तमंदिराच्या आवारात हे लहानथोर सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामुळे दत्तजयंतीच्या दुसऱ्या दिवशी, भंडाऱ्याची पहिली पंगत बसलेली असताना, त्या अगदी हळू म्हणाल्या, "सुरभी, ती बादली खाली ठेव," तेव्हा पुऱ्यांच्या टोपल्यापाशी उभे असलेले त्यांचे यजमान शामकाका नकळत दोन पावलं मागे सरले.

बादली वरणाची होती. मिनिटभरापूर्वीपर्यंत ती सुरभीच्या मुलीच्या, चौदा वर्षांच्या शिवांगीच्या हातात होती, आणि काकूंच्या मते ती तिथेच असायला हवी होती.

या मंदिरात भंडाऱ्याला वाढायचं काम मुलं करतात. बारा ते सतरा वर्षांची अकरा मुलं. हा काही पूर्वापार रिवाज नव्हे. आठ वर्षांपूर्वी काकूंनी समितीशी भांडून तो पाडला. दिवाळी झाली की दर रविवारी त्यांच्या मागच्या अंगणात सराव सुरू होतो. बादलीत वरणाऐवजी पाणी, पत्रावळीच्या जागी वर्तमानपत्रावर ठेवलेली वाटी. कागद भिजला की पुन्हा पहिल्यापासून. मीठ, लिंबू, कोशिंबीर डावीकडे, भाजी उजवीकडे. वाकायचं ते गुडघ्यात, कमरेत नाही. म्हाताऱ्या माणसाला दोनदा विचारायचं, कारण पहिल्यांदा ते भिडेखातर नको म्हणतात. आणि एक नियम असा की त्यात काकू कुणाचंच ऐकत नाहीत: ज्याच्या हातून सांडलं त्यानंच पुसायचं, 'चुकलं' म्हणायचं, आणि त्याच माणसाला, त्याच पंगतीत, पुन्हा वाढायचं. पुढच्या पंगतीत चालणार नाही. "पुढची पंगत येईपर्यंत भीती पाट मांडून बसते," असं त्या सांगतात.

हे शहाणपण त्यांना सुखासुखी आलेलं नाही.

काकू मूळच्या जुन्या शहरातल्या, मल्हारगंजातल्या. वडील गिरणीत कारकून, घरात पाच भावंडं. दहाव्या वर्षापासून वडिलांचा डबा गिरणीच्या फाटकावर पोचवायचं काम अंबिकेचं. एकदा वाटेत ठेच लागली आणि डबा नालीत गेला. रडत घरी आली तर आईनं दुसरी पोळी करून दिली नाही. रिकामा डबा धुऊन हातात दिला आणि म्हणाली, "जा. ते उपाशी आहेत हे त्यांना तूच सांग." दहा वर्षांची पोर उन्हातून परत फाटकापर्यंत गेली आणि तिनं सांगितलं. शेजारच्या माणसाच्या डब्यातली अर्धी पोळी वडिलांनी खाल्ली आणि पाव पोळी तिला दिली. पण आईचा तो कठोरपणा तिच्या मनात रुतून बसला. आपल्या लेकराला असं कधी करायचं नाही, अशी तिनं मनाशी गाठ मारली.

आणि ती गाठ तिनं पाळली, हेच तर दुखणं. मुलगा एकच, पुष्कर. सातवीत त्यानं शाळेच्या प्रयोगशाळेतलं भांडं फोडलं, तर काकू बाईंना सांगून आल्या की त्याला त्या दिवशी कणकण होती. त्याचे तक्ते काकूंनी रंगवले, त्याची भांडणं काकूंनी मिटवली. मग एके दिवशी नोकरीतल्या पुष्करचा पुण्याहून फोन आला. "आई, मेरे से गडबड हो गई ऑफिसमध्ये. तू माझ्या मॅनेजरला फोन कर ना. सांग मी हॉस्पिटलमध्ये आहे." सव्वीस वर्षांचा दाढीवाला मुलगा. आणि काकूंनी तो फोन केला. खोटं बोलल्या, तेही इंग्रजीतून, अडखळत. फोन ठेवून देवापुढे बसल्या तर दत्ताच्या तसबिरीकडे मान वर होईना. सांजवात लावायला शामकाकांना उठावं लागलं.

त्यांचा राग त्या दिवसापासूनचा. आधी तो स्वतःवर होता. स्वतःवर पुरून उरला तेव्हा लोकांच्या वाट्याला आला.

तर त्या दुपारी काय झालं, की पंगत बसली, साठ पानं. भात वाढून झाला, नैवेद्य झाला, आणि वरणाची बादली घेऊन शिवांगी निघाली. गुडघ्यात वाकून, पळी बादलीच्या काठावर निथळून, अगदी शिकवल्यासारखी. पहिली सतरा पानं तिनं एक थेंब न सांडता वाढली. काकू लांबून मोजत होत्या. अठरावं पान अप्पासाहेबांचं. अप्पासाहेब म्हणजे समितीचे अध्यक्ष, वय ब्याऐंशी, पांढरंशुभ्र धोतर. शिवांगी वाकली, आणि तेवढ्यात समोरून तिच्या आईनं मोबाइल वर धरून हाक मारली, "शिवू, इधर देख ना, स्माइल!"

शिवांगीनं वर बघितलं. बादली कलली. वरण पानावर पडायचं ते अप्पासाहेबांच्या मांडीवर पडलं.

वरण कोमट होतं, भाजलं कुणाला नाही. पण पिवळा डाग गुडघ्यापासून काठापर्यंत पसरला आणि पंगतीतून "अगं बाई" अशी एक लाट गेली. शिवांगी जागच्या जागी थिजली. सुरभी मोबाइल ओढणीत खोचत धावली आणि तिनं मुलीच्या हातातली बादली काढून घेतली.

"सॉरी अप्पासाहेब, खरंच सॉरी हं. बच्ची आहे. शिवू, तू जा, आत जाऊन बस. मी वाढते."

इथे काकू म्हणाल्या, "सुरभी, ती बादली खाली ठेव."

"काकू, तिचे हात बघा कसे कापतायत. मी वाढलं तर काय फरक पडतो?"

"कापू देत. हात तिचे आहेत."

तोवर यशवर्धन आला. समितीचा सचिव आणि अप्पासाहेबांचा पुतण्या. त्याच्या मागे स्वयंपाकाच्या महाराजांचे दोन गडी. "काकू, मी दर साली बोलतो, ये बच्चों का काम नहीं है. तुम्ही ऐकत नाही. आता ही माणसं वाढतील. आणि पुढच्या साली सरळ बुफे ठेवू, झंझटच खतम."

काकूंनी पदर खोचला. "यशवर्धन, तुझा शार्दूल कितवीत आहे रे?"

"बारावीत. का?"

"त्याच्या शर्टाला इस्त्री कोण करतं?"

पंगतीत दोनचार जण खुसखुसले. यशवर्धनचा चेहरा उतरला. "आता हे कुठून आलं मधेच?"

"काल दत्तजन्म झाल्यावर तू इथेच उभा राहून बोललास ना, की आजकालच्या मुलांना जबाबदारी म्हणून कळत नाही? अर्धा तास बोललास. पाळण्याची दोरी धरून बायका ताटकळल्या, पण माइक सोडवला नाही तुझ्याच्यानं. आज एका मुलीनं जबाबदारी हातात घेतली, तर ती तू गड्याला देतोस. मग कळणार कशी? तुझ्या भाषणातून?"

"मैडमजी," गड्यांपैकी एक जण मधेच म्हणाला, "हम परोस दें क्या? चावल ठंडा हो रहा है."

"आप रुको भिया. आपकी कोई गलती नहीं."

"आणि माझी आहे?" सुरभीचा आवाज फाटला. "तुम्हाला काय माहीत, काकू? सहामाहीत दोन मार्क कमी आले तर तीन दिवस धड जेवली नाही ही. झोपेत दचकते. आणि तुम्ही तिला सगळ्यांसमोर पुन्हा उभी करणार?"

"दोन मार्कांसाठी जेवत नाही, म्हणूनच उभी करणार. सांडलं म्हणून जग बुडत नाही, हे तिला कुणी दाखवायचं? आणि सांडलं कुणामुळे? तू हाक मारलीस. देवाचं अन्न वाढणाऱ्या पोरीला तू फोटोसाठी थांबवलंस. मुलगी वाढवतेस की बाहुली सजवतेस?"

हे वाक्य तोंडातून गेलं आणि सुरभीच्या डोळ्यांत पाणी आलं. काकूंना ते दिसलं, पण राग असा उतारावरून धावत सुटला होता की पाय रोवता येईना.

बादली आता दोघींच्या मधे फरशीवर होती. साठ पानांवर भात निवत होता. आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी काकूंचाच हात बादलीकडे गेला. दोन पावलांवर तर होती. उचलली असती, भराभर वाढलं असतं, मिटलं असतं सगळं. आयुष्यभर त्यांनी हेच केलं होतं. त्यांनी तो हात खोचलेल्या पदरात घट्ट मुठीत धरून ठेवला आणि शिवांगीकडे बघितलंसुद्धा नाही, कारण बघितलं असतं तर तो हुकूम झाला असता.

"तुमचं चालू द्या," अप्पासाहेब खालून म्हणाले, "घाई नाही. फक्त माझा भात कोरडा आहे, एवढं कानावर घालतो."

कुणीतरी फिस्सकन हसलं. आणि शिवांगी हलली.

"मम्मा, सरक ना थोडी," ती म्हणाली. तिनं आधी बादली नाही उचलली. खांबावरचं ओलं फडकं घेतलं, अप्पासाहेबांपुढे गुडघ्यांवर बसली आणि धोतर टिपायला लागली. डाग काही निघाला नाही, उलट मोठा झाला. "आबा, चुकलं माझं. मी वर बघितलं."

"ते मला सगळ्यांत आधी कळलं," अप्पासाहेब म्हणाले. "वरण घाल आता. आणि बेताचं घाल, अर्धं मला मिळालेलं आहे."

तिनं वाढलं. पळी बादलीच्या काठावर किणकिण वाजत होती, आणि ती किणकिण साऱ्या पंगतीला ऐकू येत होती. पण वरण भातावरच पडलं. मग एकोणिसावं पान. मग विसावं. तिसाव्या पानापर्यंत किणकिण थांबली.

यशवर्धन काकूंजवळ येऊन पुटपुटला, "तरीपण मीटिंगमध्ये बघू आपण."

"बघू या. अकराही मुलं येतील मीटिंगला. त्यांना बसायला सतरंजी टाकून ठेव. आणि शार्दूललाही आण."

काकूंचा राग काही उतरला नव्हता. दुसरी पंगत बसायच्या आत शिवांगी रिकामी बादली घेऊन त्यांच्यापुढे येऊन उभी राहिली. शाबासकी हवी असेल, असं काकूंना वाटलं.

"काकू, तुम्ही मम्माला असं नको होतं बोलायला. बाहुली वगैरे. सगळ्यांच्या समोर."

काकूंच्या तोंडावर आलं होतं, की चौदा वर्षांची चिमुरडी तू, मला शिकवतेस? पण मुलगी नजर न हलवता उभी होती. मान खाली नव्हती, आवाजही चढलेला नव्हता. बोलणं खरं होतं. काकू तिच्यावरही चिडल्या, मग स्वतःवर चिडल्या, आणि पदर सोडून मुदपाकखान्याच्या मागे गेल्या. तिथे सुरभी एकटीच पत्रावळी पुसत बसली होती.

"सुरभी, बाहुली म्हणाले ते वाईट बोलले मी. आणि चारचौघांत बोलले. तेवढं माझं चुकलं. बाकीचं मात्र मागे घेत नाही."

सुरभी वर न बघता पत्रावळी पुसत राहिली. "बाकीच्याचंच तर रडू आलं मला," ती म्हणाली. मग पुढची पत्रावळ ओढून, "तो फोटो डिलीट केलाय."

पुष्करचं, त्या फोनचं, काकूंनी कधी कुणाला सांगितलेलं नव्हतं. त्या खाली बसल्या, एक फडकं घेतलं आणि पत्रावळी पुसता पुसता ते सगळं सुरभीला सांगून टाकलं.

शेवटची पंगत मोठ्यांची, सकाळपासून राबलेल्यांची. साडेतीन वाजले होते. काकू आणि सुरभी शेजारी शेजारी बसल्या. भात आला, मागून शिवांगी बादली घेऊन आली. आता बादली काठोकाठ भरलेली होती, आणि पोरीचे दंड भरून आलेले स्पष्ट दिसत होते. ती आईसमोर वाकली. सुरभीचा उजवा हात आपोआप बादलीला आधार द्यायला वर उठला.

काकूंनी तो मनगटाला धरून खाली मांडीवर दाबला. चांगला जोरात दाबला. सुरभीनं सोडवून घेतला नाही.

"मम्मा, और थोडं?" शिवांगीनं विचारलं.

"वाढ," सुरभी म्हणाली.