पेन्शनरचा स्वेटर

माझ्या मावशीला कुणी दयाळू म्हटलं की तिला राग यायचा. "दयाळू कसली? मशीन रिकामं असतं म्हणून धुते," असं ती फटकन म्हणायची. तिची लॉन्ड्री आहे. पुढे काउंटर, मागे दोन मशीन, इस्त्रीचं टेबल आणि वाफेनं पोपडे आलेलं छत. काउंटरवर मी बसते. दर आठवड्याला शेल्टरमधून, म्हणजे बेवारस कुत्र्यामांजरांच्या निवाऱ्यातून, मळक्या अंथरुणांचे गठ्ठे यायचे आणि मावशी ते फुकट धुऊन द्यायची.

शेल्टर अशाच लोकांवर चाललं होतं. शाळेतून निवृत्त झालेल्या बाई सकाळी कुत्र्यांना फिरवायच्या. खाटीक उरलंसुरलं मांस राखून ठेवायचा. पेपरवाला रद्दी टाकून जायचा. एक जोडपं मात्र फक्त फोटो काढायला यायचं. पिल्लू मांडीवर घ्यायचं, फोटो काढायचा, हात धुवायचे आणि घरी. मावशी म्हणायची, "येऊ देत गं. फोटो बघून एखाद्याला कुणी नेईलही." माझ्यात तेवढी माया नाही. मला ते जोडपं डोळ्यांसमोर नको व्हायचं.

कुत्र्यांना एकमेकांच्या अंथरुणातून खरूज लागते. म्हणून मावशी तो गठ्ठा कढत पाण्यात, दुप्पट साबण आणि वर ब्लीच घालून धुवायची. तिनं धुवायला घेतल्यापासून तिथली खरूज कमी झाली होती, आणि याचा तिला मनातून फार अभिमान होता.

थंडीच्या सुरुवातीला तिथे एक म्हातारा कुत्रा आला. त्याचा मालक एकटाच राहायचा, तो वारला. मुलीच्या घरात कुत्र्याला जागा नव्हती. कुत्र्याबरोबर मालकाचा एक तपकिरी स्वेटर तेवढा आला. कुत्रा दिवसभर दाराकडे तोंड करून वाट बघत बसायचा, म्हणून तिथल्या राखणदारानं त्याचं नाव पेन्शनर ठेवलं. सुरुवातीला त्यानं अन्नाला तोंडच लावलं नाही. राखणदारानं ताटली त्या स्वेटरवर ठेवून पाहिली, तेव्हा कुठे तो जेवला. मग तो स्वेटरवर बसूनच जेवायचा आणि तिथेच झोपायचा. बाकी सगळं धुवायला जायचं, पण स्वेटर राखणदार बाजूला काढून ठेवायचा. मावशीला हे कुणी सांगितलं नव्हतं, कारण सांगायची कधी वेळच आली नव्हती.

एकदा राखणदार तापानं घरी पडून होता. धुतलेले गठ्ठे द्यायला मावशी स्वतः गेली. पिंजऱ्यात तिला पेन्शनर दिसला आणि त्याच्या अंगाखाली तो ओशट, केसांनी माखलेला स्वेटर. तिचा जीव कळवळला. बाकीच्यांना स्वच्छ चादरी आणि या म्हाताऱ्याच्या नशिबी हे बोचकं! तिनं स्वेटर ओढला. पेन्शनर गुरगुरला.

"अरे, उद्या आणून देते रे बाबा. खाणार आहे का मी तुझा स्वेटर?" असं म्हणत तिनं तो काढून घेतला.

मशीनमध्ये लोकर आटते, म्हणून तिनं तो हातानं धुतला. पाणी नितळ येईपर्यंत पुन्हा पुन्हा खळबळला. कोपराचं भोक रफू केलं. मग काउंटरवर पसरून मला म्हणाली, "बघ, नव्यासारखा झाला की नाही?" झाला होता. गिऱ्हाइकाच्या कपड्यावर तिनं एवढी मेहनत घेतलेली मी कधी पाहिली नाही.

दुसऱ्या दिवशी मीही तिच्याबरोबर गेले. पेन्शनर लगबगीनं पुढे आला. त्यानं स्वेटर हुंगला. नाकानं उलटा केला, बाहीत तोंड घातलं, परत सगळीकडून हुंगला. मग मावशीकडे पाहिलं आणि कोपऱ्यात नुसत्या सिमेंटवर जाऊन बसला.

राखणदार कामावर आला आणि स्वेटर बघून त्यानं डोक्याला हात लावला. "मावशी, काय केलंत हे? मालकाचा वास होता त्याला. त्याच्यावर तर जगत होता तो."

"मला कुठे वास येतो हो, भाऊ?" मावशी म्हणाली.

ते खरंच होतं. वर्षानुवर्षं ब्लीचच्या वाफेत उभं राहून तिचं नाक कधीच गेलं होतं. दूध नासलंय का, तेसुद्धा ती मला हुंगायला लावते. आणि आमच्या धंद्यात कपड्याला माणसाचा वास राहिला तर गिऱ्हाईक तोंडावर फेकतं.

पेन्शनरनं अन्न सोडलं. खाटकानं ताजा खिमा आणला. शाळेच्या बाई हातानं भरवायला बसल्या. मावशीनं अंगावरची शाल काढून त्याच्याजवळ ठेवली, तिला त्यानं नाकही लावलं नाही. मग एका दुपारी तिला सुचलं, की मालकाच्या मुलीकडे त्याचे आणखी कपडे असतीलच. टोपी, मफलर, उशीचा अभ्रा, काहीही चालेल. ती जवळजवळ पळतच सुटली. मी दुकानाला कुलूप लावून तिच्या मागे.

मुलगी माणूस म्हणून चांगली होती. तिनं आत बोलावलं, सगळं ऐकून घेतलं, डोळे पुसले.

"त्यांचा एखादा कपडा द्या ताई," मावशी म्हणाली. "न धुतलेला. कितीही मळका असू दे."

मुलगी गोंधळली. "मळका कुठून असणार, काकू? बाबा गेल्यावर त्यांचे कपडे, पांघरुणं, अगदी हातरुमालसुद्धा आधी धुऊन घेतले आणि मग वाटले. तुमच्याकडेच तर टाकले होते. किती सुरेख धुऊन दिलेत तुम्ही."

मला त्या पिशव्या आठवल्या. काउंटरवर मीच घेतल्या होत्या.

मावशीनं "बरं" म्हणून चपला घातल्या. वाटेत एकदाच बोलली, "काहीच शिल्लक ठेवलं नाही गं मी त्याच्यासाठी." तुझी चूक नाही, असं मी म्हणाले. ते खोटं नव्हतं, पण त्याचा काही उपयोगही नव्हता.

पेन्शनर त्याच आठवड्यात गेला. वय झालं होतं, असं डॉक्टर म्हणाले. राखणदारानंही मावशीला बोल लावला नाही. त्यानं लावला असता तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं.

गठ्ठे अजून येतात. नाही म्हणता येत नाही, ओल्या सिमेंटवर पिल्लं गारठून मरतात. धुते आता मी. मावशी गठ्ठा सोडते, एकेक कापड नाकाशी नेते, तिला काही कळत नाही, मग ते माझ्यापुढे धरते.

"बघ गं, हे कुणाचं आहे का?"

मी हुंगते. फिनेल, लघवी, ओली कुत्री.

"कुणाचंच नाही," असं सांगून मी ते मशीनमध्ये टाकते.