सासूबाईंच्या पेटीचा आवाज

सासूबाई तीन महिन्यांसाठी पुण्याहून आमच्या सिंगापुरातल्या पुंगोलच्या फ्लॅटवर आल्या, त्या पेटी घेऊनच. बोटं आखडल्यामुळे त्यांना फारसं वाजवता येत नव्हतं. परत गेल्यावर पेटी भजनी मंडळाला द्यायची, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. नातीने ती एकदा ऐकावी, एवढ्यासाठी पेटीचा विमानप्रवास.

त्यांच्या मुक्कामाच्या शेवटच्या आठवड्यात मी जाहीर केलं, की पेटी जाऊ दे, तिचा आवाज मी ठेवून घेणार. हा माझा जुना छंद. एकेका पट्टीचा आवाज हळू, मध्यम आणि मोठा असा तीनदा रेकॉर्ड करायचा आणि कॉम्प्युटरमध्ये बसवायचा. मग साध्या की-बोर्डवर बोट ठेवलं, की खरं वाद्य बोलतं. याआधी मी देवघरातली घंटा आणि डब्यांची झाकणं अशी अमर केली होती. त्या आवाजांना अजून कोणी विचारलेलं नाही.

मला पेटी वाजवता येत नाही, ही गोष्ट मी गौण धरली. रजा टाकली. एसी बंद, पंखा बंद, फ्रीज बंद. खिडकीखालून एलआरटी ट्रेन जाते, म्हणून दोन गाड्यांच्या मधल्या शांततेत एकेक पट्टी. फोडणीला बंदी. रेकॉर्डिंग चालू असताना कोणी बोलायचं नाही, अशी सक्त ताकीद.

"मग आम्ही श्वास घ्यायचा का?" बायकोने विचारलं.

"तोंडाने नको," मी म्हणालो.

तीन दिवस मी डाव्या हाताने भाता एकसारखा मारत, उजव्या हाताने पट्टी आधी हलकेच, मग जरा जोरात, मग ताकदीने दाबत होतो. समोर सासूबाई मेथी निवडत बसायच्या. तिसऱ्या संध्याकाळी ऐकतो, तर तिन्ही आवाज अगदी सारखे. मी माईकला दोष दिला. मग केबलला.

"जावईबापू," सासूबाई म्हणाल्या, "पट्टी कितीही जोरात दाबलीत तरी ती तेवढीच बोलणार. पेटीचा आवाज भात्यात असतो."

"आई, हे पहिल्या दिवशी सांगायचं ना."

"तुम्हीच म्हणालात, बोलू नका."

बायको स्वयंपाकघरात गेली. तिथून बराच वेळ हसू ऐकू येत होतं. तेवढ्यात तिला बंद राहिलेल्या फ्रीजमधलं खोबरं सापडलं आणि हसू थांबलं.

रविवारी विमान होतं. हातात दोनच दिवस, आणि सदतीस पट्ट्या पुन्हा पहिल्यापासून. हळू आवाज काढायला गेलो की माझा भाता मधेच दम सोडायचा. सासूबाईंनी मेथी बाजूला सारली आणि पेटीच्या मागे येऊन बसल्या.

"माझी बोटं गेलीत, मनगट नाही. तुम्ही नुसती पट्टी धरा."

भाता त्यांचा, बोट माझं. त्यांच्या हातून हळू आवाज असा निघायचा, की तो कधी सुरू झाला ते कळू नये. मोठा आवाज भरून यायचा, पण किंचाळायचा नाही. मी मात्र दोनदा चुकीची पट्टी धरली. त्यांनी न बोलता भुवई उचलली. नियम त्या शेवटपर्यंत पाळत होत्या. शनिवारी दुपारी, एलआरटी यायच्या आत, शेवटची पट्टी झाली.

रविवारी सकाळी बॅगा दाराशी ठेवून सासूबाई सोफ्यावर बसल्या. माझ्या लेकीने की-बोर्डवर आजीनेच शिकवलेली आरती वाजवली. सासूबाई डोळे मिटून ऐकत होत्या.

"आणि भाता कुठाय?"

"No need lah, आजी. आतच आहे."

"आत कोण मारतंय?"

"तूच."

पेटीची खोळ सासूबाईंनी स्वतः बांधली आणि टॅक्सीत ती मांडीवर न घेता डिकीत ठेवू दिली.

वाद्य मी इंटरनेटवर फुकट ठेवलं आहे. सोबतच्या माहितीत बनवणाऱ्याचं नाव लिहायची जागा असते. तिथे मी लिहिलं, भाता: सासूबाई. त्याखाली, बारीक अक्षरात, पट्ट्या दाबल्या: जावई.