चादरीची तुरपाई

शिंप्याच्या दुकानात त्याला सगळे मास्तर म्हणत. माणसाला दारातून आत येताना पाहिलं तरी त्याच्या खांद्याचं माप तो सांगायचा. हात स्थिर व्हायचा तो मात्र सकाळचा पहिला घोट पोटात गेल्यावर. तोवर कात्री टेबलावर टकटक वाजायची. "मास्तर, कात्रीला हिव भरलंय का?" गिऱ्हाईक विचारायचं. तो हसायचा. पलीकडे काजं करत बसलेली त्याची थोरली बहीण मान वर करायची नाही.

पाय सुजले, डोळे पिवळे झाले, तेव्हा एका सोमवारी तो आपणहून म्हणाला, "ताई, ने मला दवाखान्यात." वीस वर्षं ती याच वाक्याची वाट पाहत होती. हातातला शर्ट तसाच टाकून ती उठली.

दारू सोडवण्याच्या विभागाबाहेर पाटी होती : पिऊन आलेल्यांना तपासले जाणार नाही. खिडकीतल्या कारकुनाला वास आला. त्याने शुक्रवारची चिठ्ठी दिली. "न पिता, कोरडे होऊन या."

घरी आल्यावर त्यानेच बाहेरून कडी लावायला सांगितली. "मी बोंबललो तरी उघडू नकोस."

"तुझं बोंबलणं ऐकतच म्हातारी झाले मी."

दोघंही हसली. बऱ्याच वर्षांनी.

मंगळवारी तो घामाने निथळत होता. विष बाहेर पडतंय, ती मनाशी म्हणाली. बुधवारी दुपारी जेवण घेऊन आत गेली, तर तो खाटेवर मांडी घालून बसलेला. चिमटीत सुई नव्हती, पण डोळ्यांजवळ धरून तो दोरा ओवत होता. मग चादरीच्या काठाला तुरपाई घालू लागला, भरभर, एकसारखी. "बाही उसवलीय, ताई. गिऱ्हाईक बसलंय."

खोलीत दुसरं कुणी नव्हतं. तिचे डोळे भरून आले. न पिताही हात परत आला, असं वाटलं तिला. ताट मांडीवर घेऊन ती कितीतरी वेळ पाहत राहिली.

संध्याकाळी त्याला झटके आले, दातखीळ बसली. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

"एकदम का तोडलीत?" तरुण डॉक्टरीण हळू आवाजात म्हणाली. "इतक्या वर्षांची सवय घरी तोडायची नसते. जीव जातो. औषधं देऊन, आमच्या देखरेखीखाली सोडवतात. पिऊन होता तसाच आणायचा."

"आणला होता," ती म्हणाली. "सोमवारी."

शुक्रवारी तिचे पाय तिकडेच वळले. पाटीखाली एक बाई झोकांड्या खाणाऱ्या नवऱ्याला सावरत परत निघाली होती. "घरी कोंडूनच घालते आता," ती बडबडत होती.

बहिणीने तिचा दंड धरला. "कोंडू नका हो. एकदम तोडू नका. इथंच बसा, डॉक्टरांना बाहेर बोलवा."

बाईने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "म्हणजे पाजत राहू? तुमच्या घरात कुणी पिणारं नसणार, बाई." आणि नवऱ्याला ओढत ती पायऱ्या उतरली.

आतून मास्तरचं नाव पुकारलं गेलं. थोड्या वेळाने पुन्हा एकदा. मग पुढचं.