साठ सेकंदांचा लाल

गूढ अनुभवांच्या या सदरासाठी मी लिहितो आहे, हे ऐकून माझ्या पत्नीला हसू आले. ते रास्तच होते. वर्गात कुणी भुताखेतांचा विषय काढला की "वेळ, ठिकाण, साक्षीदार?" असे विचारून मी तो बंद पाडतो. म्हणून माझे तिन्ही आधी देतो. वेळ — गेल्या मे महिन्यातला एक मंगळवार, संध्याकाळचे पावणेसात. ठिकाण — घोडपदेवजवळच्या ज्या संस्थेत मी खलाशांना सुरक्षा शिकवतो, तिचे मागचे आवार. साक्षीदार — अकरा विद्यार्थी.

आम्ही दोघे भाऊ फणसवाडीत वाढलो. मिलिंद माझ्याहून दोन वर्षांनी लहान. दोघांनाही बोटीवर जायचे होते, आणि वैद्यकीय तपासणीला एकाच दिवशी गेलो. रंगीत ठिपक्यांच्या पानावर मला नुसते ठिपके दिसले. मागे उभा असलेला मिलिंद हळूच म्हणाला, "दादा, चौऱ्याहत्तर आहे रे." डॉक्टरांनी पुस्तक मिटले.

लाल आणि हिरवा, दोन्ही मला एकाच मातकट छटेचे दिसतात. मिलिंद समुद्रावर गेला, मी फळ्यापाशी राहिलो. तिथून तो सूर्यास्ताचे फोटो पाठवत आला — "दादा, काय रंग आहे बघ." त्यात खोच नसे. असती तर बरे झाले असते, रागावता तरी आले असते...

आता फ्लेअरविषयी थोडे. संकटात मदत बोलावण्यासाठी बोटीवर तीन प्रकारच्या नळ्या असतात. उंच जाऊन छत्रीने तरंगत उतरणारे रॉकेट दुरून दिसावे म्हणून; नारिंगी धूर दिवसासाठी; आणि हातात धरायचा फ्लेअर, मदत नजरेच्या टप्प्यात आल्यावर. या शेवटच्या नळीतल्या स्ट्रॉन्शियमच्या क्षारामुळे ज्योत लाल होते, मॅग्नेशियममुळे प्रखर. ती साधारण मिनिटभर जळते. वारा जिकडे वाहतो त्या बाजूला हात बाहेर धरायचा, म्हणजे ठिणग्या अंगावर येत नाहीत. ज्योतीकडे बघायचे नाही, डोळे दिपतात. साठपर्यंत मोजायचे.

मी विद्यार्थ्यांना डोळे बांधून या नळ्या ओळखायला लावतो — टोपण, कडा, तळाचा कंगोरा, सारे बोटांनी. मिलिंद उजळणीच्या कोर्सला माझ्याच वर्गात बसला, तेव्हा सर्वांदेखत म्हणाला होता, "दादा, तुझ्या डोळ्यांची शिक्षा आख्ख्या वर्गाला होय?" वर्ग हसला. मीही हसलो.

त्या मंगळवारी प्रात्यक्षिकासाठी मी हातातला फ्लेअर पेटवला. अशा ज्योती मी शेकड्यांनी पेटवल्या आहेत. मला त्या झगझगीत मातीसारख्या दिसतात. या वेळी मात्र ज्योतीला असा रंग होता की त्याला शब्द कोणता लावावा हे मला कळेना. मग कळले... सगळे ज्याला लाल म्हणतात, तो हा. भ्रम असेल म्हणून मी नजर वळवली. कुंपणापलीकडे, ज्योतीचा उजेड जिथे पोचत नव्हता तिथे, एक झाड आहे. ते गुलमोहराचे आहे हे मला ऐकून माहीत होते. त्या मिनिटात ते मला फुलांसकट दिसले. मी पुन्हा ज्योतीकडे पाहत राहिलो.

त्या अकरा जणांतले लालबागचे पेडणेकर टगबोटीवर काम करतात, वयाने माझ्याहून मोठे. ते म्हणाले, "सर, तुमीच सांगतास मा, जाळाकडे बघूचा नाय म्हणान?"

त्या क्षणी माझ्या मनात काय होते, ते लिहिण्यासाठीच हा सारा खटाटोप. आश्चर्य नव्हते, आनंदही नव्हता. मनात आले — हे इतकी वर्षे मिलिंदकडे होते. आता परत द्यायचे नाही.

ज्योत विझली. झाड पुन्हा नुसते झाड झाले.

दुसऱ्या दिवशी मिलिंदचा फोन आला. आदल्या संध्याकाळी त्यांच्या लाँचचे इंजिन भर समुद्रात बंद पडले होते, आत पाणी शिरत होते. दूर एक मच्छीमार ट्रॉलर दिसत होता आणि हातातला एकच फ्लेअर उरला होता.

"दादा, फ्लेअर सादळला तर मातकट जळतो का रे?"

"नाही. जळला तर लालच जळतो."

"मग मला तसा का दिसला? खराब निघाला म्हणून मी फेकणारच होतो. पण बोटाला तो तळचा कंगोरा लागला... तुझी डोळे बांधायची शिक्षा. म्हटलं, नळी तर बरोबर आहे, डोळ्यांचं काय ऐकायचं? साठ मोजले. ट्रॉलर वळला."

"किती वाजले होते?"

"पावणेसात. घड्याळ बघूनच पेटवला. मास्तरांचा नियम."

मी त्याला "विश्रांती घे" म्हणालो. बाकी काही सांगितले नाही. आजवर सांगितलेले नाही. नेत्रतज्ज्ञांकडे जाऊन आलो. माझ्या दृष्टीत तसूभरही फरक नाही. योगायोग म्हणावा, तर दोघांच्या डोळ्यांचा एकाच मिनिटाला कसा? आणि त्याने तो फ्लेअर बोटांनी ओळखला नसता तर... तेवढा विचार मी पुरा करत नाही.

प्रात्यक्षिके अजूनही घेतो. ज्योतीकडे बघू नका, असे बजावतो, आणि स्वतः मात्र बघतो. ती मातकट दिसली की हायसे वाटते. मिलिंद सुखरूप आहे. पण साठ मोजून होईपर्यंत माझी नजर हटत नाही.